खोक्यात माद्याच का असतात?

नमस्कार मंडळी. पाळीव प्राण्यांची नसबंदी कायद्याने सक्तीची करावी का, या विषयावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत. मी तेवीस वर्षं साताऱ्यात जनावरांचा दवाखाना चालवते, म्हणून सुरुवात दवाखान्याच्या पायरीपासूनच करते.

गेल्या श्रावणात एका सकाळी शटर उघडायला गेले, तर पायरीवर बिस्किटांचं रिकामं खोकं. वर जुन्या साडीचा तुकडा, पावसाने चिंब झालेला. आत कुत्र्याची चार पिल्लं, जेमतेम तीन आठवड्यांची. पोटं जंतांनी टम्म फुगलेली, अंग गार. एकीच्या तोंडात दुसरीचा कान होता, आईचं स्तन समजून ती तो चोखत होती. एकेक उचलून पाहिलं. चारही माद्या.

मला नवल वाटलं नाही. माझ्या दारात आलेल्या अशा खोक्यांत नर क्वचितच असतो. घरातली कुत्री गाभण आहे असं कळलं की शेजारीपाजारी, पाहुणे, दूधवाले सांगून ठेवतात, "आमच्यासाठी एक नर ठेवा बरं का." कारण एकच, मादी घेतली की पुढे पिल्लांची कटकट. नर महिन्याभरात घरोघरी जातात आणि माद्या उरतात. मग कुणी त्यांना पोत्यात घालून मंडईमागे सोडतं, कुणी घाटावर, कुणी देवळापाशी. कुणीतरी खायला घालेल, असं म्हणून मनाची समजूत घालायची. जे जरा जास्त हळवे असतात ते डॉक्टरच्या पायरीवर ठेवतात.

त्यातली एखादी जगली, तर सात-आठ महिन्यांची होता होता माजावर येते. मग त्रेसष्ट दिवस, आणि पुढची चार-सहा पिल्लं. म्हणजे रस्त्यावर सोडायची वेळ आली की आपण नेमकी विणारी जनावरं निवडून सोडतो. हे कुणी ठरवून करत नाही, पण होतं तसंच.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री मोजली गेली. ती सगळी घरातून बाहेर पडली, असं मी म्हणणार नाही. बहुतेक रस्त्यावरच जन्मली असतील. पण रस्त्यावर नसबंदी करून जो आकडा खाली आणायचा, त्यात घराघरांतून रोज भर पडत राहते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन आदेश आले. ११ तारखेला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा. २२ तारखेला तो बदलून, नसबंदी आणि लस करून पुन्हा जागच्या जागी सोडा, पिसाळलेली आणि अंगावर धावणारी तेवढी सोडू नका, असा. त्यावर सगळा देश भांडला, माझ्या घरातसुद्धा जेवताना वाद झाले. त्या सगळ्या भांडणात घराच्या उंबऱ्याच्या आतल्या कुत्रीबद्दल बोलणारं कुणी मला भेटलं नाही.

आता कायद्याकडे येते. कायदा करावा का, असं आपण विचारतो, पण तो आहेच. २००१ च्या श्वान जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याचं नियंत्रित प्रजनन, लसीकरण, नसबंदी आणि परवाना ही सगळी जबाबदारी मालकावर टाकली होती. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली, त्यातही पाळीव जनावराच्या नसबंदीची जबाबदारी मालकाचीच आहे. मात्र ती पार पाडली नाही म्हणून कुणाला दंड झाल्याचं मी या तेवीस वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही. आणि ते खोकं? उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. १९६० साली त्या पन्नास रुपयांना वजन असेल. आज त्यात कुत्र्याचा धड पट्टाही येत नाही.

पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांचीही नोंदणी सक्तीची करायचं ठरवलं, तेव्हा लोक खूप हसले. मला त्या हसण्याचं वाईट वाटलं. ज्या जनावराची नोंदच नाही, त्याच्या पिल्लांची जबाबदारी कुणावर टाकणार?

माझ्या टेबलासमोर उभं राहून लोक जे बोलतात, ते तुम्हाला सांगायला हवं. "एकदा तरी पिल्लं होऊ द्या, डॉक्टर, मग करू." हे शिकलेली माणसंही म्हणतात. एकदा व्याल्याने कुत्रीची तब्येत सुधारते याला काहीही आधार नाही. उलट, पहिल्या माजाआधी नसबंदी झाली तर पुढे स्तनांत गाठी होण्याचा धोका बराच कमी होतो. काहीजण म्हणतात, "तिला आई व्हायचं सुख मिळू दे." आजीबाई म्हणतात, "पाप लागेल." आणि नराचं ऑपरेशन म्हटलं की घरातले पुरुष अडून बसतात. खरं तर मादीचं पोट उघडावं लागतं आणि नराचं ऑपरेशन त्यामानाने कितीतरी लहान असतं.

दोन वर्षांपूर्वी एक पोमेरेनियन आली होती, आठ वर्षांची, साडेपाच किलोची. "पाणी फार पिते, खात नाही, पोट सुटलंय," असं घरचे म्हणाले. त्यांना वाटलं, वय झालं. पोटाला हात लावला आणि मला कळलं. शेवटची पाळी दीड महिन्यापूर्वी होऊन गेली होती. पोट उघडलं तर गर्भाशयाची दोन्ही शिंगं फुगून माझ्या अंगठ्याएवढी जाड, आणि त्यांची भिंत ताणून इतकी पातळ झालेली की आतला पिवळसर पू बाहेरून दिसत होता. चिमट्याचं टोक जरा जोरात लागलं असतं तर तो सगळा पोटात सांडला असता. बाहेर काढून वजन केलं, पाऊण किलो. ती वाचली. तशाच सगळ्या वाचत नाहीत. नसबंदीत गर्भाशय काढून टाकलेलं असतं, त्यामुळे तशा कुत्रीत हा आजार सहसा उद्भवतच नाही. त्या घरच्यांना मी पाच वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र काही बोलले नाही.

एवढं सगळं पाहिल्यावर मी म्हणेन की सरसकट सक्ती करा, असं तुम्हाला वाटलं असेल. मी ते म्हणत नाही. सहा महिन्यांच्या आत प्रत्येक कुत्र्याची नसबंदी, असा नियम झाला तर मी स्वतः त्याला विरोध करेन. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांमध्ये खुब्याच्या सांध्याचा विकार, नसबंदी न झालेल्यांच्या दुप्पट आढळला. मोठ्या जातीच्या कुत्र्याची हाडं भरायला वेळ लागतो, आणि ती भरण्यात नसबंदीमुळे थांबणाऱ्या संप्रेरकांचाही वाटा असतो. माद्यांमध्ये काहींना पुढे लघवी आवरत नाही. म्हणून वय ठरवायचं काम जात, वजन आणि तब्येत बघून डॉक्टरवर सोपवलं पाहिजे, राजपत्रावर नाही.

नॉर्वेत तर उलटा कायदा आहे. २००९ च्या त्यांच्या प्राणी कल्याण कायद्यात कुठल्याही जनावराचा अवयव रास्त कारणाशिवाय काढता येत नाही, आणि नुसती मालकाची सोय हे पुरेसं कारण धरत नाहीत. तरी तिथल्या रस्त्यांवर कुत्र्यांचे कळप नाहीत, कारण तिथे कुत्रं मोकळं सुटतच नाही. आपल्याकडे सकाळी फाटक उघडून "जा फिरून ये" म्हणायची रीत आहे. "आमचा मोती गल्लीत सगळ्यांचा लाडका," असं कौतुकाने सांगतात. मोती संध्याकाळी घरी येऊन भाकरी खातो, आणि दोन महिन्यांनी गल्लीतल्या तीन कुत्र्या वितात.

म्हणून मला सक्ती हवी आहे ती पिल्लांच्या हिशेबाची. जनावर ठेवलंत की त्याची नोंद करा, मानेत मायक्रोचिप बसवा. त्याला मोकळं सोडता? मग नसबंदी केलीच पाहिजे, डॉक्टर सांगेल त्या वयात. नसबंदी करायची नाही? तर साखळीत आणि कुंपणात ठेवा, आणि पिल्लं झालीच तर प्रत्येक पिल्लू कुठे गेलं ते लिहून द्या. सात झाली आणि तीन नर गेले, तर चार माद्या कुठे आहेत, हे विचारण्याचा अधिकार पालिकेला असावा. मांजराच्या बाबतीत मी जास्त कडक आहे, कारण मांजराला साखळी चालत नाही आणि भाटी पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. बेल्जियममध्ये घरगुती मांजरांची नसबंदी सक्तीची आहे, परवानाधारक पैदासकारांची मांजरं तेवढी सोडून. ते आपल्याकडेही यावं.

पैदास करून विकणाऱ्यांवर तर आजच्या आज बडगा हवा. २०१७ च्या नियमांप्रमाणे त्यांची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, एका मादीची आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा वीण घेता येत नाही. माझ्याकडे पाच आठवड्यांची लॅब्राडॉर येतात, पार्व्हो नावाच्या विषाणूने रक्ताचे जुलाब लागलेली. मोबाइलवर फोटो बघून, बसस्टँडवर पैसे देऊन घेतलेली. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने हिंस्र समजल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या तेवीस जातींवर बंदी आणि घरात आधीच असलेल्यांची नसबंदी असं पत्र राज्यांना पाठवलं, आणि महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. जातींच्या त्या यादीवर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी या विक्रीवर झाली असती तर बरं झालं असतं.

शेवटचं, टेबलाचं. सक्ती करणाऱ्याने आधी ऑपरेशनचं टेबल द्यायला हवं. आमच्या मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. त्या कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून आपली भाटी घेऊन आल्या. तिसऱ्यांदा व्याली होती, आणि पिल्लं बोक्याने मारली होती. मी खर्च सांगितला, कमी करूनच. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरबाई, एवढ्यात माझा आठवडा जातो." उद्या यांना दंडाची पावती दिली तर त्या मांजर सोडून देतील, दुसरं काय करतील? प्रत्येक तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस ही ऑपरेशनं फुकट झाली पाहिजेत. भूल, टाके, नंतरची औषधं, सगळं त्यात आलं पाहिजे. ते झाल्यावर मग दंड, आणि तो पन्नास रुपयांचा नको.

मावशींनी दर आठवड्याला पन्नास-पन्नास करून पैसे फेडले. मी नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. शेवटचे पन्नास द्यायला आल्या तेव्हा हातात तीच जाळीची पिशवी होती आणि आत दुसरी भाटी, शेजारच्या गाळ्यावरची.