जॅकला खोबरेल लावू नका

अध्यक्षबाब आणि वाचनालयाची मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : 'चवथीपूर्वी घरातले विजेचे जोड कसे तपासावेत आणि जपावेत'. त्याकडे मी येणारच आहे. आधी खोबरेलाचं काढतो, कारण ते फार वर्षं पोटात साठलंय.

जत्रेच्या नाटकांना मी साउंड देतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. माझ्या माइकनं ज्यांच्या भर प्रवेशात शिट्टी मारली ते नटही मागच्या रांगेत बसलेत. हसू नका, तुमचीच माणसं आहेत. तर अंत्रूज महालातलं, म्हणजे गोव्यातल्या फोंड्याकडचं एक देऊळ, पौषातली रात्र, संगीत नाटक. नांदी छान झाली. नायिकेचं पद सुरू झालं आणि माइक गप्प. मग खरखर, मग पुन्हा गप्प. अशा वेळी आपल्याकडे क्रम ठरलेला असतो. पहिला माणूस माइकवर थाप मारतो, दुसरा फुंकर घालतो आणि तिसरा जाहीर करतो, "ॲम्प्लिफायर जळला!" हा तिसरा नेहमी समितीवर असतो. लगेच शेजारच्या वाड्यावरून दुसरा ॲम्प्लिफायर आणायला जीप सुटली. बाईंनी तोवर पद बिनमाइकचं म्हटलं आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचलं. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं ही गोष्ट मी सांगायला नको होती.

माइक समितीचा होता. मी त्याचा जॅक, म्हणजे वायरच्या टोकाची पिन, ओढून काढला, तर हाताला मेणासारखं काही लागलं. वास घेतला : खवट खोबरेल! चवथीच्या आरत्यांआधी एका गृहस्थानं 'गंजू नये म्हणून' जॅक तेलात बुडवून सॉकेटात घातला होता. हेतू चांगलाच. आपल्याकडे खोबरेल केसांना, भाजल्याला, दाराच्या बिजागरीला, सगळ्याला चालतं, मग जॅकनं काय पाप केलंय? पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. चवथीत ते पातळ होतं, आरत्या निभावल्या. पौषाच्या रात्री सॉकेटातल्या स्प्रिंगवर धुळीसकट गोठून बसलं. शिवाय तेल खवट झालं की त्यातली आम्लं तांब्या-पितळेला खातात, हिरवं पुट चढतं. ते वेगळंच.

आता कोणी म्हणेल, आमच्या मिक्सरच्या प्लगलाही तेलाचे हात लागतात, तो कसा चालतो? हाच माझा आवडता मुद्दा. दोन धातू एकमेकांना टेकलेले दिसतात, पण फणसावर फणस ठेवला तर जसा काट्याला काटाच लागतो, तसे तेही मोजक्या टोकांवरच टेकतात. सगळा करंट त्या टोकांतून जातो. टोकांवर तेलाचा किंवा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा आला, तर २३० व्होल्ट तो बहुधा फोडून जातात. माइकमधून येतात काही मिलिव्होल्ट. ते काय फोडणार? म्हणून अशक्त करंटला चकचकीत जोड लागतो आणि तगड्याला घट्ट. माइकच्या चांगल्या जॅकवर सोन्याचा मुलामा असतो तो याचसाठी, सोनं गंजत नाही. तो थर बहुतेक वेळा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्यावर पॉलिश पेपर घासणारे महाभाग माझ्या माहितीत आहेत. दोन हातांत सोनं साफ!

चिठ्ठी आलीय : पाच मिनिटं. बरं, मग भराभर.

मिठाचा वारा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आपल्या पावसाळ्यात ती पातळी ओलांडलेलीच असते. म्हणून किनाऱ्याजवळच्या घरात जोडावर आधी मिठाचं पाणी आणि मागून गंज.

गीझर. २००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. सैल पिनेत अर्धा ओहम रोध आला, तरी तिथे चाळीसेक वॅटची उष्णता. तारांना डाग देणारा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो, यावरून समजा. प्लग काळवंडला असेल तर पुसत बसू नका, प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला.

साफ करताना आधी मेन स्विच बंद. माइकचे जॅक, रिमोटमधल्या सेलच्या पट्ट्या यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. वाळू द्या. पाच-सहा वेळा जॅक आत-बाहेर केला तरी बराच पापुद्रा निघतो. डब्ल्यूडी-४० सगळीकडे मारू नका. तो १९५३ सालचा पाणी हटवणारा फवारा, नावातच 'वॉटर डिस्प्लेसमेंट' आहे. मागे राहणाऱ्या तेलकट थरावर धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून वेगळा डबा मिळतो, तो घ्या.

माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगतो त्या फळाफुलांच्या मांडवीच्या, दिव्यांचे जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नका, कनेक्टर वापरा. ॲल्युमिनियमची तार तांब्याला थेट जोडू नका.

सिलिकॉन ग्रीस बाहेरच्या जोडांना चांगलं, पाणी आत शिरू देत नाही. मात्र ज्या स्विचात किंवा रिलेत (म्हणजे विजेनं चालणाऱ्या स्विचात) ठिणगी पडते तिथे नको. ठिणगीनं त्याची सिलिका होते, म्हणजे वाळूच, आणि वाळूतून करंट जात नाही.

स्कूटरच्या बॅटरीवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. निगेटिव्ह आधी काढायचं, शेवटी लावायचं. व्हॅसलीन बोल्ट आवळून झाल्यावर, वरून. आणि तिथेही कोणी खोबरेल सुचवलं, तर त्यांना माझ्याकडे पाठवा.