सोनेरी कोल्हा आणि तरंगते शैवाल

ऐरोलीच्या खाडीकाठी ओहोटी लागली आहे. तिवरांच्या श्वसनमुळांमधून, चिखलात पावले उमटवत जाणारा हा प्राणी म्हणजे सोनेरी कोल्हा. खेकडे, मासे, उंदीर आणि वस्तीच्या कडेला पडलेले खरकटे, असे जे मिळेल ते खाऊन तो ठाणे खाडीच्या कांदळवनात तग धरून आहे. भरती चढू लागली की मात्र त्याला कोरडी जागा गाठावीच लागते.

असाच सोनेरी-तपकिरी रंग दूर अटलांटिक महासागरात पाण्यावर पसरलेला दिसतो. तो सरगॅसम या शैवालाचा आहे. त्याचे बहुतेक भाऊबंद खडकाला धरून वाढतात, आपल्या कोकण किनाऱ्यावरही. परंतु सरगॅसम नॅटन्स आणि सरगॅसम फ्लुइटन्स या दोन जाती वायूने भरलेल्या लहान लहान फुग्यांच्या आधारे जन्मभर तरंगत राहतात. जन्मभर हा शब्दही येथे सैलच म्हणायचा, कारण मोडलेला तुकडा वाढतो आणि तीच त्यांची नवी पिढी असते. कोल्हीण मात्र सुमारे दोन महिने गर्भ वाहते आणि बिळात पिल्लांना दूध पाजते.

कोल्हा अन्न शोधतो आणि शैवाल ते उन्हात तयार करते, एवढाच भेद मानून थांबता येत नाही. तपकिरी शैवाल हे तिवराच्या कुळातले नाही. त्याच्या वंशात फार पूर्वी एका एकपेशीय जीवाने दुसऱ्या पेशीला गिळले, पण ती पचली नाही. या शैवालाचे आजचे हरितलवक, म्हणजे पेशीतील अन्न तयार करणारा भाग, अशा गिळलेल्या लाल शैवालापासून आलेले असून त्याच्याभोवती आजही चार पटले आढळतात. म्हणजे उन्हावर जगणाऱ्या या शैवालाचा पूर्वजही एके काळी खाणाराच होता! शिवाय ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका कोल्हा आणि शैवाल या दोघांच्याही पेशींत आहेत आणि त्यांचे मूळ एकाच प्राचीन जिवाणूत आहे.

२०११ पासून हे शैवाल अटलांटिकच्या उष्ण कटिबंधातही मोठ्या प्रमाणावर वाढू लागले. २०१८ मध्ये पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत त्याचा सुमारे ८,८५० किलोमीटर लांबीचा पट्टा उपग्रहांनी टिपला. खाडीकाठच्या या कोल्ह्याला असे पसरता येत नाही. त्याच्या एका बाजूला खाडीचे पाणी आहे आणि दुसऱ्या बाजूला ऐरोलीच्या इमारती.