चवळीच्या मुळावरच्या गाठी

नमस्कार मंडळी. पुरंदर, दौंड, शिरूर... रेडिओ लावून जिथं जिथं धारा काढणं चाललंय, त्या सगळ्यांना नमस्कार.

आज कडवळात, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीत, चवळी का पेरायची, ते सांगायचंय. पण आधी आमच्या मामांची गोष्ट. सासवडच्या पलीकडं त्यांचा मळा. एका उन्हाळ्यात त्यांनी दोन काकऱ्या कडवळ, एक काकरी चवळी असा चारा केला. महिन्याभरानं खुरपताना चवळीचं एक रोप मुळासकट वर आलं, तर मुळाला मण्यांसारख्या गाठी! आदल्या साली वांगी सूत्रकृमीनं, म्हणजे मुळात शिरून गाठी आणणाऱ्या बारीक किड्यानं गेलेली, त्यामुळं मामांच्या पोटात गोळाच आला. रोप पिशवीत घालून त्यांनी दुकान गाठलं. दुकानदारानं पिशवीत डोकावलंसुद्धा नाही, बाटली पुढं केली. आता मी नेहमी म्हणतो, पिकाला काय झालंय हे औषध विकणाऱ्याला विचारू नये. लग्नाचा बेत केटररला विचारला की पनीरच येतं. पंगतीतली मटकीची उसळ गेली ती अशीच. असो.

मामा परत आले ते थेट चवळी उपटायलाच लागले. तीन काकऱ्या झाल्यासुद्धा. बांधावर आजी बसलेली. तिनं एक मूळ मागून घेतलं, गाठ नखानं फोडली आणि लालसर झालेलं नख मामांपुढं धरलं. "आरं, ह्यात रगत हाय. रोगाच्या गाठीला रगत आसतंय व्हय?"

मामा मटकन खाली बसले.

आजी फारशी चुकली नव्हती. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या रंगाच्या भावकीतला. तेव्हा ऐका: गाठ मुळावरून सहज सुटली आणि आत गुलाबी निघाली, तर ती कामाची. मूळच फुगलंय, गाठ सुटत नाही, तर सूत्रकृमी. पुन्हा सांगतो, सुटली आणि गुलाबी, तर कामाची.

त्या गाठीत रायझोबियम जिवाणू असतात. हवेत 78 टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. हे जिवाणू तो घेता येईल असा करून देतात. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ या शास्त्रज्ञांनी 1886 साली हे उलगडलं. बाजरीत तुरीचं मोघण, म्हणजे मधे मधे तुरीची ओळ टाकणाऱ्या आपल्या माणसांना कारण ठाऊक नव्हतं, गुण ठाऊक होता.

एक मात्र आहे. चवळी उभी असताना शेजारच्या कडवळाला फारसं काही देत नाही. मुळं आणि गळलेला पाला कुजला की पुढच्या पिकाला मिळतं. म्हणून कापून घ्या, उपटू नका. उपटू नका! आणि युरिया हात राखून टाका. आयतं नत्र मिळालं की चवळी गाठी धरायचा आळस करते.

उद्या सकाळी एक रोप खुरप्यानं हलकेच उकरून बघा. ओढलंत तर गाठी मातीतच राहतील. मामांची ती बाटली अजून गोठ्याच्या फळीवर आहे, सीलही फोडलेलं नाही.

नमस्कार.