ट्रोप मोडायचा हाय? मंग आधी तो नीट उभा तर कर!

नमस्कार मंडळी, कसे हात सगळे? मांगून आवाज येऊन राहिला तो थ्रेशरचा हाय, शेजाऱ्याचं सोयाबीन काढणं सुरू हाय, तेवढं चालवून घ्या.

तर मेसेज खूप येऊन राहिले का भाऊ, ट्रोप कसे वापरायचे आन् कसे मोडायचे ते सांगा. ट्रोप म्हणजे असा साचा जो वाचकाले आधीच माहीत असते. श्रीमंताची पोरगी आन् गरिबाचा पोट्टा, लहानपणी जत्रेत हरवलेला भाऊ, आन् आपल्या इकडचा कायमचा म्हणजे मिशीवाला सावकार, कर्जात बुडलेला कास्तकार आन् शेवटल्या पानावर धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, झाड आन् गळफास. दिवाळी अंकाच्या कथास्पर्धा पाहा, विदर्भ म्हटलं का हेच. आपणच लिहितो, दुसऱ्याले काय बोल लावायचा.

आता नव्या लेखकाले वाटते का ट्रोप म्हणजे पाप. तसं काही नाही बाप्पा. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा पाहा, झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचं गाव. तिकडं गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात धान कापून झाला का झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, दिवाळीपासून पार होळीच्या आसपास, कुठं मंडई म्हणजे गावची जत्रा हाय, कुठं शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत हाय, आन् नाटक रात्री सुरू झालं का उजाडेपर्यंत. 2023 साली परशुराम खुणेंना याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाला. आता त्या मांडवात थंडीत शाल गुंडाळून बसलेल्या बाईले पहिल्या अंकातच माहीत राहते का हा दीर खलनायक हाय, ही माय त्याग करणार हाय, तरी ते उठून जात नाही. कायले बसते? कारण तिले 'काय होणार' हे नाही पाह्यचं, 'कसं होणार' हे पाह्यचं राहते. खलनायक उशिरा आला तर लोकं शिट्ट्या मारतात! म्हणजे ट्रोप हा वाचकाले दिलेला शब्द हाय. तुम्ही तो पाळू शकता, मोडू शकता, पण दिलाच नाही तर मोडणार काय?

इथंच बहुतेकांची गाडी फसते. ते ट्रोप मोडत नाहीत, फक्त पालथा करतात. सावकार वाईट राह्यते ना, मंग माह्या कथेतला सावकार देवमाणूस. हिरो पोरीले वाचवते ना, मंग माह्या कथेत पोरगी हिरोले वाचवते. झालं. आन् सगळ्यात कहर म्हणजे शेवटल्या ओळीत 'आणि त्याला जाग आली'. आरे, आमी वीस पानं वाचली ना राजा!

आता कोणी म्हणेल का हे मोडणं-बिडणं सगळं बाहेरून आलेलं फॅड हाय. मंग भवभूतीचं नाव घेतो. आठव्या शतकातला नाटककार, स्वतःच नाटकात सांगते का आमी पद्मपूरचे, आन् बरेच अभ्यासक ते पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं, आमगावजवळचं पदमपूर असं मानतात. म्हणजे आपल्याच इकडचा माणूस. त्या काळी संस्कृत नाटकात विदूषक म्हणजे ठरलेला ट्रोप, राजाचा दोस्त, खादाड, हसवणारा. यानं आपल्या नाटकात विदूषक ठेवलाच नाही. पण हे किरकोळ, मोठी गोष्ट पुढं हाय.

त्याचं नाटक उत्तररामचरित. रामायणाचा शेवट अख्ख्या देशाले पाठ, सीता धरणीच्या पोटात जाते. आन् हा गडी शेवटी राम-सीतेची भेट करून देते. आता नुसती भेट करून दिली असती तर लोकं म्हणाले असते काहीबी दाखवून राहिला. पण पाहा त्यानं कसं केलं. तिसऱ्या अंकात राम जुन्या जंगलात येते, सीता तिथंच हाय पण गंगेच्या वरानं कोणाले दिसत नाही, रामालेबी नाही. तो तिच्या आठवणीत रडून राहिला, बेशुद्ध पडून राहिला, आन् हे सगळं ती बाजूले उभी राहून ऐकून राहिली. वनदेवता वासंती रामाले तोंडावर सुनावते ते वेगळंच. म्हणजे प्रेक्षकाचा जो राग होता रामावर, तो दाबला नाही, बोलून घेतला. मंग सातव्या अंकात नाटकातच एक नाटक, वाल्मीकीनं लिहिलेलं, राम प्रेक्षकात बसेल हाय. त्या आतल्या नाटकात सीता धरणीमायले म्हणते का मले तुझ्यात सामावून घे. म्हणजे लोकांले माहीत असलेला शेवट यानं स्टेजवर आणला, लोकांच्या पोटात गोळा आणला, आन् तिथून फिरवला. फिरवायची तयारी चार अंक आधीच झाली होती. यालेच म्हणतात मोडणं. मले इचाराल तर ट्विस्ट शिकायले कोणतीबी वेबसिरीज पाह्यच्या आधी तो तिसरा अंक वाचा, मराठीत भाषांतरं हायेत.

आता हे आपल्या कथेत कसं करायचं? आपला तोच घासलेला ट्रोप घेऊ, सावकार आन् कास्तकार. मी एकच प्रश्न इचारतो, का हे आपल्या गावात खरंच कसं होते? पैसा कोणाकून येते, कागद कोणाच्या नावानं राह्यते? तर इकडं मिशीवाला सावकार कमी दिसते, कृषी केंद्रवाला जास्त. तो कोणाचा तरी वर्गमित्र राह्यते, जूनमध्ये बियाणं-खत उधार देते, वहीत मांडते, पोरीच्या ॲडमिशनले दहा-वीस हजार नगदीबी देऊन टाकते, कापूस घरात आला का व्याजासकट घेते. आन् दुसरी गोष्ट, कास्तकाराच्या आत्महत्येनंतर सरकारी मदत हाय एक लाखाची, 30 हजार हातात आन् 70 हजार बँकेत ठेव. पण ते सरसकट नाही भेटत. जिल्ह्याची समिती बसते, पात्र का अपात्र ठरवते. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं पाह्यजे. वावर मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं, केलं आन् घरात कोणाच्याच नावानं सातबारा नाही, कर्ज वहीतलं, तर फाइलवर अपात्र.

आता इथं गोष्ट हाय! पारंपरिक सीन काय, नवरा गेल्यावर सावकार दारात येते, 'पैसे कधी देतेस?' वाचक त्याचीच वाट पाहून राहिला. तर येऊ द्या त्याले. कृषी केंद्रवाला येते, बाहेर गाडी लावते, बगलेत वही. बाई ओट्यावर बसून हाय. आन् तो काही बोलायच्या आधी तीच म्हणते, 'भाऊजी, लिहून द्या.'

तो म्हणते, 'काय लिहून देऊ वहिनी?'

'हेच का त्यायच्या अंगावर तुमचं एवढं कर्ज होतं. तलाठ्यानं पुरावा मांगतला.'

आन् हा माणूस घामाघूम. कारण त्याच्यापाशी सावकारीचं लायसन नाही, लिहून दिलं तर त्याच्यावरच केस, आन् इतकं करून समिती तो कागद धरेलच असं नाही. तो म्हणते, 'वहिनी, मी पैसे सोडतो, पण कागद नका मांगू.' ती म्हणते, 'मले सूट नाही पाह्यजे, कर्ज पाह्यजे.'

पाह्यलं? कोणी देव नाही झालं, कोणी राक्षस नाही झालं. कर्जवसुलीचाच सीन हाय, वही तीच, दार तेच, फक्त मांगणारा बदलला, आन् तो मी माह्या डोक्यातून नाही बदलला, नियमानं बदलला. म्हणून वाचकाले खोटं वाटणार नाही.

पण याच्यासाठी ती वही पान दोनवर दिसली पाह्यजे. मिरगाच्या पहिल्या पावसात नवरा दुकानात उभा हाय, चहा पिऊन राहिला, सहज म्हणते 'मांडून ठेव रे', आन् दुकानदार मांडते. बस. तिथं थांबा, वहीवर कॅमेरा नेऊन 'त्याला काय माहीत होतं की…' असं लिहू नका, माह्या डोक्यात जाते ते वाक्य. वाचकाले उधारीची वही पाहून वाटते का चला, सावकाराची गोष्ट सुरू झाली. वाटू द्या. तुमाले तेच तर पाह्यजे होतं.

आन् एका कथेत एकच मोडा. माय त्याग करत असन तर करू द्या, पाटील भांडकुदळ असन तर असू द्या, गावातला पारावरचा म्हातारा शहाणा असन तर चालते, तो सरळ चालला तर वाचकाचे पाय जमिनीवर राह्यतात. सगळंच एकदम मोडलं तर वाचकाले कशाचा अंदाजच लागत नाही, आन् अंदाज नाही तर धक्काबी नाही.

हो, एक राहिलं, कॉमेडी आन् रहस्यकथा यायले थोडं वेगळं लागते, रहस्यकथेत पुरावा वाचकापासून लपवून मंग मोडलं तर ती सरळ फसवणूक हाय, पुरावा समोर ठेवून नजर दुसरीकडं न्या, एवढंच सांगतो आज. वाघाच्या गोष्टींवर, म्हणजे नरभक्षक, शिकारी हिरो, आन् पहाटे मोहफुलं वेचायले जाणाऱ्या बाया, जिथं शिकारी हिरो मले पटतच नाही, त्याच्यावर अख्खा व्हिडिओ पुढच्या रविवारी. तोपर्यंत तुमच्या कथेतला कोणता ट्रोप अडकून राहिला ते खाली टाका, अख्खी कथा नका टाकू, चार ओळी टाका, वाचतो मी.