ठळक केलं म्हणून हेडिंग होत नाही

हा रिपोर्ट बघा. हेडिंगं मोठी, ठळक, निळी, वरवर सगळं छान दिसतंय. आता वर्डसारख्या लिब्रेऑफिस रायटरमध्ये एफ११ दाबूया, बाजूला स्टाइल्सची, म्हणजे नाव दिलेल्या सजावटीच्या साच्यांची, यादी उघडते, तिच्या खाली स्पॉटलाइटवर टिक करायचं, २०२३ च्या ७.६ व्हर्जनपासून ही सोय आहे. बघा, मार्जिनमध्ये रंगीत चौकोन आले, एका स्टाइलला एक रंग, एक नंबर. आणि इथे वरपासून खालपर्यंत नंबर एकच! म्हणजे आपल्याला जे हेडिंग वाटतंय ते रायटरच्या लेखी साधा परिच्छेदच आहे, फक्त हातानं रंगवलेला.

अजून आत जाऊ. वर्डची डॉक्एक्स फाइल म्हणजे खरंतर झिप असते, अनेक फाइलींचं एक गाठोडं, ती उघडली की हे दिसतं. हातानं सजवलेल्या हेडिंगपाशी बोल्ड लिहिलंय, रंगाचा कोड लिहिलाय, साइज ३२ लिहिलीय, कारण इथे माप अर्ध्या पॉइंटात असतं, १६ चे ३२, शिवाय देवनागरीची साइज परत वेगळी, आणि हे सगळं पुढच्या हेडिंगला पुन्हा, त्याच्या पुढच्याला पुन्हा. आता हे स्टाइल लावलेलं हेडिंग बघा, एवढंच लिहिलंय, हेडिंग १. बाकी सगळं स्टाइल्सच्या वेगळ्या फाइलमध्ये, एकदाच. किती स्वच्छ आहे हे!

आता दुरुस्ती. हेडिंग सिलेक्ट करा, कंट्रोल एम दाबा, हातानं केलेलं सगळं उडतं, मग कंट्रोल १, की झालं हेडिंग १. आधी साफ करायचं कारण हातानं केलेलं फॉर्मॅटिंग स्टाइलवर मात करतं, ते तसंच राहिलं तर नंतर स्टाइल कितीही बदला, ते हेडिंग हलत नाही. मात्र अख्खी फाइल सिलेक्ट करून कंट्रोल एम मारू नका, मधले मुद्दाम ठळक केलेले शब्दही जातील, त्यांच्यासाठी कॅरॅक्टर स्टाइल, म्हणजे परिच्छेदाऐवजी शब्दांपुरती स्टाइल, असते ती लावा. वर्डमध्ये अक्षरांसाठी कंट्रोल स्पेस, परिच्छेदासाठी कंट्रोल क्यू, आणि हेडिंगला कंट्रोल ऑल्ट १.

आता यादीत हेडिंग १ वर राइट क्लिक, एडिट, रंग हिरवा, ओके. सगळी हेडिंगं एका दमात बदलली, बघा.

अनुक्रमणिका, एफ५ नं उघडणारी हेडिंगांची यादी म्हणजे नॅव्हिगेटर, स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचं हेडिंगवरून हेडिंगवर जाणं, हे सगळं या स्टाइल्सवरच चालतं. ही फाइल आता टेम्प्लेट म्हणून सेव्ह करूया, पुढचा रिपोर्ट इथूनच सुरू करायचा.