आधी पोचेल त्याचा मुकुट

नमस्कार मंडळी. विषय गुलाबांच्या युद्धांचा आहे, इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांची १४५५ ते १४८५ ची भांडणं. त्याकडे येतोच, पण त्याआधी तीनशे वर्षं मागं जावं लागेल, कारण मटिल्डावर झालेला अन्याय समजला नाही तर पुढचं काहीच समजत नाही असं माझं ठाम मत आहे.

२५ नोव्हेंबर ११२०. पहिल्या हेन्री राजाचा एकुलता एक औरस मुलगा फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून ‘व्हाइट शिप’ जहाजात बसला, खलाशांसकट सगळे प्यायलेले, जहाज बार्फ्लरजवळ खडकावर आपटलं आणि राजपुत्र गेला. राजाचा भाचा स्टीफन पोट बिघडलं म्हणून आधीच उतरला होता असं तेव्हाचा इतिहासकार लिहितो, म्हणजे बघा, एका जुलाबाने इंग्लंडचा इतिहास फिरला! (हसताय, पण खरंय ते.) राजाला अनौरस मुलं वीसच्या वर, पण औरस आता एकच उरली, मटिल्डा, जर्मन सम्राटाची राणी. सम्राट वारल्यावर हेन्रीने तिला परत आणलं आणि ११२७ च्या सुरुवातीला सगळ्या सरदारांकडून शपथ घेतली की माझ्यानंतर हीच. स्टीफननेही शपथ घेतली, त्यात आधी कोणी घ्यायची यावरून मटिल्डाच्या सावत्रभावाशी वाद घालून!

१ डिसेंबर ११३५ ला हेन्री वारला. मटिल्डा फ्रान्समध्ये, आंजूत, गरोदर. स्टीफन बुलोन्यहून समुद्र ओलांडून लंडनला, तिथून विंचेस्टरला, तिथला बिशप त्याचा सख्खा भाऊ त्यामुळे राजाचा खजिना हातात, आणि २२ डिसेंबरला वेस्टमिन्स्टरला राज्याभिषेक. झालं! राज्याभिषेकात एकदा पवित्र तेल लावलं की तो देवाचा माणूस, शपथ गेली उडत. आणि ही युक्ती हेन्रीचीच, ११०० मध्ये राजा असलेला भाऊ शिकारीत बाण लागून मेला तर तिसऱ्या दिवशी हा मुकुट घालून मोकळा, थोरला भाऊ रॉबर्ट अजून क्रुसेडवरून, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धावरून, वाटेत. त्या रॉबर्टला पुढे मरेपर्यंत अठ्ठावीस वर्षं कैदेत ठेवलं.

मटिल्डा लढली. फेब्रुवारी ११४१ मध्ये लिंकनला स्टीफन पकडला गेला, ती लंडनला आली, राज्याभिषेक तोंडावर आणि लंडनकरांनी तिला हाकलून दिलं. का, तर म्हणे उद्धट होती, पैसे मागितले. अहो, तिच्या बापाने नाण्यात खोट केली म्हणून टांकसाळवाल्यांचे उजवे हात तोडवले, त्याला कडक राजा म्हणून मान, आणि हिने कर मागितला तर उद्धट! पुढच्याच वर्षी, तोवर सुटलेल्या स्टीफनने घातलेल्या ऑक्सफर्डच्या वेढ्यातून बर्फात पांढरे कपडे घालून, गोठलेली नदी पायी ओलांडून ही बाई निसटली. एवढं करून राजांच्या यादीत तिचं नाव नाही. कधीच राज्याभिषेक न झालेला पाचवा एडवर्ड यादीत आहे, मटिल्डा नाही. हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

वेळ संपत आली अशी चिठ्ठी आलीय, तर मूळ मुद्दा भरभर सांगतो. शेवटी ११५३ मध्ये स्टीफनने मटिल्डाच्या मुलाला वारस मानलं, तो दुसरा हेन्री. आणि १२७२ मध्ये सगळं बदललं. तिसरा हेन्री वारला तेव्हा मुलगा एडवर्ड क्रुसेडवर, तरी त्याचा राज्यकाळ लगेच सुरू झाला असं धरलं, राज्याभिषेक झाला तो थेट १२७४ ला. म्हणजे गादी रिकामी राहायची बंद झाली, पळत जाऊन मुकुट घालण्यात अर्थ उरला नाही.

मग गादी हवी असेल तर काय करायचं? बसलेला माणूस मुळात हक्काचा नाहीच असं सिद्ध करायचं. गुलाबांच्या युद्धांत वंशावळी एवढ्या उगाळल्या जातात त्या म्हणूनच. यॉर्कवाले म्हणाले आम्ही थोरल्या शाखेचे, आईकडून का होईना, म्हणजे बाईकडून आलेला हक्क आता चालत होता! १४८३ मध्ये यॉर्क घराण्यातल्या तिसऱ्या रिचर्डने पुतण्यांना (त्यातलाच एक तो पाचवा एडवर्ड) नुसतं लंडनच्या टॉवर किल्ल्यात ठेवून भागलं नाही, भावाचं लग्नच बेकायदा ठरवून त्यांना अनौरस म्हणावं लागलं. आणि २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत रिचर्डला मारून राजा झालेला लँकेस्टरच्या बाजूचा हेन्री ट्यूडर, त्याचा हक्क अगदीच लंगडा, त्याने आपला राज्यकाळ २१ ऑगस्टपासून धरायला लावला. लढाईच्या आदल्या दिवसापासून! म्हणजे रिचर्डच्या बाजूने लढले ते सगळे राजद्रोही, आणि त्यांच्या जमिनी जप्त.