खिळा, भिंत आणि वायफाय

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय, 'घरासाठी मेश वायफायची निवड'. मेश म्हणजे घरभर वायफाय पोचवायला एकमेकांशी जोडलेले दोन-तीन डबे. अक्षर सुरेख आहे. मी मात्र सुरुवात खिळ्यापासून करणार आहे. आणि एक आधीच सांगतो, माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात तारा ओढण्यात गेली. त्यामुळे मी तारेची बाजू घेणार, हे धरूनच चला.

गेल्या दिवाळीत धाकट्या मेहुण्यांच्या वाकडच्या नव्या घरी गेलो होतो. चौदावा मजला, तीन बेडरूम. जावयाला फराळाला बोलावलं आणि हातात हातोडी दिली, कारण आजोबांचं लंबकाचं घड्याळ हॉलमध्ये लावायचं होतं. पहिला खिळा वाकला. दुसरा उडाला तो थेट चिवड्याच्या डब्यात. तिसऱ्यानं भिंतीवर एक पांढरा ओरखडा काढला, बस. शेवटी खालून इलेक्ट्रिशियन आला, त्यानं मोठं ड्रिल लावलं. 'काका, ही मायव्हनची भिंत आहे, हिच्याशी हातोडीनं भांडू नका,' असं वर ऐकवून गेला. म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे उभे करायचे, आत सळयांची जाळी आणि भिंत, स्लॅब सगळं एकदम काँक्रीटमध्ये ओतायचं. वीट औषधालासुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी आमच्या सासूबाई, वय ८४, मागच्या खोलीत टॅबवर कीर्तन बघत होत्या. बुवांनी आळवून 'विठ्ठ' म्हटलं आणि 'ल' काही येईना. बुवांचं तोंड उघडं, मध्ये ते चाक गोल गोल फिरतंय. (हशा) मेहुणे वैतागले. 'भावोजी, तीन डब्यांचा मेश आणलाय, रेंज फुल दाखवतंय, आणि तरी हे असं!'

मी विचारलं, तिसरा डबा कुठे आहे? मागच्याच खोलीत, लोखंडी कपाटावर. 'जिथे नेट येत नाही तिथेच ठेवायला नको का?'

हा गैरसमज या सभागृहातल्या निम्म्या घरांत असणार. अहो, डबा नेट तयार करत नाही. पहिल्या डब्याकडून घेतो आणि पुढे वाढतो. वाढप्याचं भांडंच रिकामं असेल, तर तो पानापाशी उभा राहून काय करणार? टॅब आणि डबा शेजारी शेजारी, म्हणून रेंज फुल. पण डब्याला स्वतःलाच काही मिळत नव्हतं. मधे काँक्रीटच्या दोन भिंती, वर ते कपाट. मी डबा उचलून पॅसेजमध्ये ठेवला, हॉलच्या दारासमोर. 'ल' आला. सासूबाई म्हणाल्या, 'जावईबापू, तुमच्या खात्यात असताना एवढ्या लवकर कधी फोन दुरुस्त केलात का?' (हशा)

तर माझी कसोटी ही. भिंतीत हातोडीनं खिळा जातो का बघा. गेला तर वीट. बऱ्याचदा घराच्या मध्यावर ठेवलेला एकच चांगला राउटर पुरतो, पैसे वाचवा. नाही गेला, तर मेशचा विचार करा. शास्त्रज्ञ नाक मुरडतील, मुरडू द्या. अपवाद मीच सांगतो. वाड्यातल्या दोन फुटी मातीच्या भिंतीत खिळा लोण्यासारखा जातो आणि वायफाय तिथेच दम सोडतं. वाडेवाल्यांनी माझं ऐकू नये. वाडे आता उरलेत किती, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी सुरू झालो तर चहा गार होईल. १८९५ मध्ये कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली. भिंत मायव्हनची नव्हती, एवढंच म्हणतो.

माझा खरा राग बिल्डरांवर आहे. दाराबाहेर कोण आलंय ते दाखवणारा कॅमेरा देतील, पण हॉलपासून बेडरूमपर्यंत भिंतीतून एक रिकामा पाइप? नाही! मग फायबरवाला येतो, 'वायर इथपर्यंतच आहे' म्हणतो, आणि डबा चपलांच्या कपाटात बसतो. अख्ख्या घराचं इंटरनेट चपलांच्या वासात...

हो, चिठ्ठी मिळाली. 'सात मिनिटे.' विषय अजून व्हायचाच आहे, पळतो आता.

खोक्यावरचा आकडा. 'एएक्स ३०००' म्हणजे तुमच्या फोनला ३००० मिळणार नाहीत. २.४ गिगाहर्ट्‌झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्‌झचे २४०२ मेगाबिट या वायफायच्या दोन पट्ट्यांच्या वेगांची ती बेरीज आहे, कागदावरची. एका वेळी फोन बहुधा एकाच पट्ट्यावर असतो. आणि तुमचा प्लॅन १०० मेगाबिटचा! त्या आकड्यावर जास्त पैसे घालू नका. २.४ लांब जातं, भिंती त्यातल्या त्यात सोसतं, पण तिथे शेजाऱ्यांची गर्दी, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गुरगुरतो. ५ वेगवान, पण भिंतीला घाबरतं.

दोन पट्ट्यांचा मेश बिनतारी जोडला की एकाच पट्ट्यावर डबा मागच्या डब्याशीही बोलतो आणि तुमच्या फोनशीही. वेग प्रत्येक टप्प्याला जवळजवळ अर्धा होतो. तीन पट्ट्यांचा महाग, पण त्यात डब्यांच्या आपापसातल्या बोलण्याला वेगळा रस्ता ठेवता येतो. आणि त्याहून स्वस्त, त्याहून उत्तम म्हणजे तार! 'कॅट सिक्स' नावाची नेटची तार १०० मीटरपर्यंत चालते. डिशच्या किंवा एसीच्या भोकातून ओढा, स्कर्टिंगवरून पट्टीत बसवा, सूनबाईंना दिसणार नाही. मेहुण्यांकडेही नंतर तेच केलं. डब्यांची पोर्ट, म्हणजे तार खोचायच्या खाचा, गिगाबिट (१००० मेगाबिट) आहेत का बघा, स्वस्त संचांत १०० मेगाबिटचीच असू शकतात.

डबे आधी दोनच घ्या, तिसरा मागून. तिसरा त्याच कंपनीचा, मागच्याशी जुळतो का विचारून. वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकमेकांशी जुळावेत म्हणून 'ईझीमेश' नावाचं मानक २०१८ मध्ये आलं, पण दुकानदाराच्या 'चालतंय की' वर जाऊ नका. फायबरवाल्याचा डबाही राउटर आणि तुमचाही राउटर, असे दोन मालक एका घरात ठेवू नका. मेशला 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका, म्हणजे तो राउटरकी सोडून फक्त वायफाय देईल. किंवा फायबरवाल्याला त्याच्या डब्याचं वायफाय बंद करून तो 'ब्रिज'वर न्यायला सांगा, म्हणजे तो नेट नुसतं पुढे सोडेल.

कुणीतरी हात वर केलाय... हो, इन्व्हर्टर. बरं विचारलंत. लाइट गेली की फायबरचा डबा इन्व्हर्टरवर चालू आणि पॅसेजमधला बंद, हे होतं. डबा ज्या प्लगवर लावणार तो इन्व्हर्टरवर आहे का, ते मेन स्विच पाडून आधी तपासा. आणि संच आणला की खोकं फाडू नका, कात्रीनं नीट कापा. परत करायच्या मुदतीत सगळ्या खोल्यांत, दारं लावून, दोन-तीन दिवस फिरून बघा. नाही जमलं तर परत पाठवा, खोकं तसंच लागतं.